साथीच्या काळात मातृत्वाला कोणी, किती काळ थांबवायचे?

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडला महामारी म्हटले, आणि त्यानंतर आठवड्याभरातच युरोप व अमेरिकेतल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या प्रमुख संघटनांनी आपल्या सदस्यांना उपचार आवरते घेण्याचा सल्ला दिला. आयव्हीएफ (शरीराबाहेर, प्रयोगशाळेत भ्रूण तयार करणे) आणि आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणे) यांची नवी सायकल, म्हणजे उपचारांचा नवा फेरा, सुरू करू नये, ज्यांची इंजेक्शने आधीच सुरू आहेत त्यांची स्त्रीबीजे काढून ती किंवा त्यांपासून तयार झालेले भ्रूण गोठवून ठेवावेत, आणि भ्रूण गर्भाशयात सोडण्याचे काम पुढे ढकलावे, असे त्याचे साधारण स्वरूप होते. भारतातल्या संघटनांनीही थोड्याफार फरकाने तोच मार्ग धरला. सोलापूरसारख्या शहरात तर २५ मार्चनंतर सल्ला मानायचा की नाही, हा प्रश्नच उरला नाही. एसटी बंद झाली, जिल्ह्याच्या आणि कर्नाटकाच्या सीमा बंद झाल्या, आणि बऱ्याच खासगी दवाखान्यांची शटर खाली आली.

त्या सल्ल्याला आज नावे ठेवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. नवा विषाणू गर्भाला काय करतो हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते, आणि काही आठवडे हात आखडता घेणे हे शहाणपणाचेच होते. माझा आक्षेप त्या आठवड्यांवर नाही, त्यानंतर जे झाले त्यावर आहे. ‘सध्या थांबा’ हा सल्ला देताना आपण असे गृहीत धरतो की थांबण्याला काही किंमत पडत नाही. प्रत्यक्षात तो सल्ला म्हणजे एक औषधच आहे. त्याची मात्रा ठरवावी लागते, मुदत ठरवावी लागते, कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही हे पाहावे लागते, आणि त्याचे दुष्परिणाम कोण सोसतो याची नोंद ठेवावी लागते. कोविडच्या दोन वर्षांत आपण यांपैकी फारसे काही केले नाही. मूल हवे असणाऱ्या स्त्रीला थांबवले, आणि जिला दिवस गेले होते तिला खाट, तपासणी आणि लस या तिन्ही रांगांत मागे ठेवले. पुढची साथ येण्याआधी हा हिशेब मांडायला हवा, आणि तो मुंबई-दिल्लीत नव्हे, जिल्ह्याच्या पातळीवर मांडायला हवा.

प्रत्येक विषाणूचे गर्भाशी असलेले नाते वेगळे असते, इथून सुरुवात करावी लागेल. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांना जन्मजात मोतीबिंदू असलेली बाळे एकापाठोपाठ एक दिसू लागली, आणि त्यांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता असा माग त्यांनी काढला. रुबेलात आईचा आजार किरकोळ असतो आणि गर्भाची हानी मोठी होते. इन्फ्लुएंझात चित्र उलटे दिसते: १९१८ च्या साथीत गर्भवतींचे मृत्यू फार झाले, आणि २००९ च्या स्वाइन फ्लूतही गर्भवती हा जोखमीचा गट ठरला. धोका मुख्यतः आईच्या फुप्फुसांना असतो, आणि आईचे हाल झाले की त्याची झळ बाळालाही लागते.

डासांमार्फत पसरणाऱ्या झिका विषाणूचे उदाहरण आपल्याला सर्वांत जवळचे आहे. ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बाळे मोठ्या संख्येने जन्मू लागल्यावर १ फेब्रुवारी २०१६ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. तिथे काही काळ गर्भधारणा टाळण्याच्या सल्ल्याला ठोस आधार होता, कारण हा विषाणू थेट गर्भाच्या मेंदूवर आघात करतो. तरीही तो सल्ला कसा दिला गेला हे पाहण्यासारखे आहे. एल साल्व्हादोरच्या सरकारने स्त्रियांना २०१८ पर्यंत गरोदर राहू नका असे सांगितले. त्या देशात गर्भपाताला पूर्ण बंदी होती आणि पुरुषांनी काय करावे याबद्दल फारसे कोणी बोलत नव्हते. झिका वीर्यातूनही पसरतो. म्हणूनच पुढे आलेल्या मार्गदर्शक सूचनांत संसर्गाची शक्यता असलेल्या पुरुषाने तीन महिने आणि स्त्रीने दोन महिने थांबावे, अशी स्पष्ट मुदत दिली गेली. चांगला सल्ला असा असतो: कोणता विषाणू, कोणी थांबायचे, किती महिने, आणि तेवढ्या काळात काय काळजी घ्यायची, हे सगळे त्यात असते.

झिका आता आपल्या दारात आहे. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी सापडला, आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरात जे रुग्ण आढळले त्यांत गर्भवतींचे प्रमाण लक्षणीय होते. हा विषाणू पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. सोलापूरकराला यापुढचे सांगण्याची गरज नाही. उजनी धरण भरलेले असले तरी नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते आणि घरोघरी बॅरल, टाक्या, हंडे-कळशा भरून ठेवाव्या लागतात. उद्या इथे झिकाचे रुग्ण वाढले आणि प्रशासनाने बायकांना गर्भधारणा लांबवण्याचा सल्ला दिला, तर पाणीपुरवठ्याचे अपयश त्यांच्या पाळीच्या तारखांवर ढकलल्यासारखे होईल. साथीच्या काळात स्त्रीच्या शरीरावर घातलेले निर्बंध अनेकदा दुसऱ्याच कोणत्या तरी न झालेल्या कामाची भरपाई असतात, आणि ही गोष्ट शक्यतो बोलली जात नाही.

कोविड रुबेलासारखा नव्हता आणि झिकासारखाही नव्हता. तो इन्फ्लुएंझाच्या वळणाने गेला. गर्भात व्यंग निर्माण करत असल्याचे दिसले नाही. पण लागण झालेल्या गर्भवतीला अतिदक्षता विभागात दाखल करण्याची, वेळेआधी प्रसूती होण्याची आणि मृत मूल जन्मण्याची जोखीम वाढते, हे हळूहळू पक्के होत गेले. वंध्यत्वोपचार थांबवण्याचा सल्ला देणाऱ्या परदेशी संघटनांनी एप्रिल २०२० च्या अखेरीसच उपचार टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू करण्याच्या सूचना काढल्या होत्या. म्हणजे शास्त्राच्या बाजूने विराम पाच-सहा आठवड्यांचा होता. तो विराम फारसा घातक नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. न्यूयॉर्कमध्ये झालेल्या एका अभ्यासात, ज्यांच्या अंडाशयातील बीजसाठा कमी झाला आहे अशा स्त्रियांचे उपचार १८० दिवसांपर्यंत लांबले तरी मूल होण्याच्या शक्यतेत लक्षणीय फरक पडला नाही, असे दिसले. तेव्हा महिनाभराच्या विलंबाने सर्वनाश झाला, अशी ओरड करण्यात अर्थ नाही.

पण न्यूयॉर्कमधली स्त्री सहा महिन्यांनी उपचाराला परत येते, हे तिथल्या व्यवस्थेने गृहीत धरलेले असते. सोलापुरात ते गृहीत धरता येत नाही.

आयव्हीएफच्या एका सायकलमध्ये काय काय असते, हे ज्यांच्या घरात ते झाले आहे त्यांनाच नीट माहीत असते. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून साधारण दहा-बारा दिवस रोज पोटात किंवा मांडीत इंजेक्शन घ्यायचे. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी करून बीजे किती वाढली ते पाहायचे. मग शेवटचे इंजेक्शन डॉक्टर सांगतील त्याच रात्री, त्याच वेळेला घ्यायचे, कारण त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी बीजे काढायची असतात. त्यात चार तास इकडेतिकडे झालेले चालत नाहीत. आता हे वेळापत्रक घेऊन मंगळवेढ्याहून, तुळजापूरहून किंवा इंडीहून येणाऱ्या जोडप्याचा विचार करा. सोलापूर हे विजयपूर, कलबुर्गी, धाराशिव आणि लातूरच्या रुग्णांचेही मोठे दवाखान्याचे गाव आहे. त्यांच्यासाठी १० किलोमीटरवरची नाकाबंदी आणि ३६ तासांचा हिशेब यांचा मेळ बसणे अशक्य होते. महाराष्ट्रात जिल्हा ओलांडायला ई-पासची अट सप्टेंबर २०२० च्या सुरुवातीपर्यंत होती. ‘वैद्यकीय कारण’ या रकान्यात वंध्यत्वोपचार बसतो की नाही, हे पास देणाऱ्याच्या समजुतीवर ठरत असे. आणि कितीही मोठा आजार असला तरी ‘आम्ही मूल होण्यासाठी चाललो आहोत’ हे नाक्यावरच्या पोलिसाला सांगणे सोपे नसते.

माझ्या परिचयाचे एक जोडपे आहे. तो अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला, ती तेव्हा ३६ वर्षांची. जनता कर्फ्यू लागला त्या रविवारी, २२ मार्चला, तिची इंजेक्शने मध्यावर होती. घरात फ्रिज नव्हता आणि सोलापूरचा उन्हाळा म्हणजे मार्चअखेरीलाच पारा चाळिशीकडे झुकलेला. म्हणून औषधे शेजारच्या घरी, आईस्क्रीमच्या डब्यात घालून ठेवलेली होती, आणि शेजारणीला ती ‘मधुमेहाची’ असल्याचे सांगितले होते. दवाखान्याने फोनवर ‘पुढच्या पाळीला बघू’ असे सांगितले. पुढच्या पाळीला कारखाना बंद होता. भरलेले पैसे परत मिळाले नाहीत. ‘नंतरच्या पॅकेजमध्ये जमा धरू’ असे आश्वासन मिळाले, पण नंतरचे पॅकेज महागलेले होते. ती दोघे पुन्हा दवाखान्याची पायरी चढेपर्यंत दीड वर्ष उलटून गेले होते. पुढे काय झाले, हा त्यांचा खासगी विषय आहे. सार्वजनिक विषय एवढाच की शास्त्राने पाच-सहा आठवडे सांगितले आणि गरिबीने त्यांचे दीड वर्ष केले. वयाच्या पस्तिशीनंतर बीजांची संख्या आणि दर्जा वेगाने घसरतो, आणि ३६ चे ३८ होणे ही त्या हिशेबात मोठी उडी असते.

यावर नेहमीचे उत्तर असे असते की लोक श्वासाविना मरत असताना मूल होण्याच्या उपचारांची काय चर्चा करायची. या उत्तरामागे एक जुना समज दडलेला आहे, तो म्हणजे वंध्यत्व हा आजार नसून श्रीमंतांची हौस आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते, आणि ते प्रमाण श्रीमंत व गरीब देशांत जवळपास सारखेच आहे. भारतात स्त्रीच्या गर्भनलिका बंद होण्यामागे जननेंद्रियांचा क्षयरोग हे एक महत्त्वाचे कारण आहे. तो काही श्रीमंतांचा आजार नव्हे. कुंभारीजवळच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विड्या वळणाऱ्या बाईला मूल होत नाही, तेव्हा तिला वांझ म्हणणारे लोक तिच्या उत्पन्नाची चौकशी करत नाहीत. डोहाळजेवणाला तिला बोलावले जात नाही, बोलावले तर ओटी भरायला पुढे केले जात नाही, आणि मराठी घर असो की तेलुगू, नवऱ्याची तपासणी शेवटी होते, तीही झाली तर.

आपल्या आरोग्यव्यवस्थेची घडण कुटुंबनियोजनाच्या काळातली आहे, हेही यामागचे एक कारण असावे. मुले कमी कशी होतील याची यंत्रणा खेड्यापाड्यांत पोचली. न होणाऱ्या मुलांची दखल घेणारा रकाना कोणत्याच रजिस्टरात राहिला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुलांची संख्या, १.७ वर आला आहे, म्हणजे लोकसंख्येच्या भीतीने दुर्लक्ष करण्याचे कारण केव्हाच संपले आहे. तरीही आयुष्मान भारत योजनेत वंध्यत्वोपचार वगळलेले आहेत, आणि विमा नियामकाने ठरवून दिलेल्या अपवादांच्या यादीतही वंध्यत्व आहे, त्यामुळे बहुतेक आरोग्य विम्यांतून त्यासाठी रुपयाही मिळत नाही. एका आयव्हीएफ सायकलचा खर्च दीड-दोन लाखांच्या घरात जातो. हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी घेणाऱ्या घराला तो दागिने मोडल्याशिवाय किंवा बचत गटाचे कर्ज काढल्याशिवाय झेपत नाही, आणि टाळेबंदीत विड्यांचे कारखानेच बंद होते. अशा घरासाठी उपचार ‘पुढे ढकलला’ म्हणजे बहुधा सुटला.

जिला आधीच दिवस गेले होते तिची गोष्ट वेगळी, पण धागा तोच. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. पुण्यात किंवा हैदराबादला नांदणारी सोलापूरची मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी येते, आणि इथली विजयपूरला दिलेली मुलगीही येते. २०२० च्या उन्हाळ्यात या मुली ना सासरच्या डॉक्टरांच्या राहिल्या ना माहेरच्या. ज्या कशाबशा पोचल्या त्यांना नव्या दवाखान्यात नाव नोंदवायचे होते, आणि दवाखाना आधी कोविडचा अहवाल मागत होता. जूनमध्ये नोएडात आठ महिन्यांच्या गर्भवतीला घेऊन तिचे कुटुंब तेरा तासांत आठ रुग्णालये फिरले, आणि अखेर रुग्णवाहिकेतच तिचा प्राण गेला. तपासणी झाली नाही म्हणून प्रसूतीसह कोणतीही तातडीची प्रक्रिया लांबवू नये, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १८ मे २०२० च्या धोरणात स्पष्ट लिहिलेले होते. नियम होता. तो दवाखान्याच्या दारावरच्या माणसापर्यंत पोचला नव्हता, आणि पोचला तरी त्याच्या हातात पीपीई किट नव्हते. डॉक्टरांना आणि परिचारिकांना एकतर्फी दोष देणे मला पटत नाही. त्यांच्यातल्या अनेक जणी स्वतः गरोदर असताना ड्युटीवर होत्या.

सोलापूरच्या बाबतीत मला खटकते ते हे की शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपले ‘सिव्हिल’, हेच जिल्ह्यातल्या गंभीर कोविड रुग्णांचा आधार होते आणि अवघडलेल्या बाळंतिणींचा आधारही तेच होते. अक्कलकोट, मोहोळ, सांगोल्याच्या ग्रामीण रुग्णालयातून ‘रेफर’ केलेली बाई शेवटी तिथेच येते. साथीच्या काळात लोकांनी सिव्हिलचे नाव ऐकले की अंगावर काटा यावा अशी स्थिती झाली होती, आणि भीतीपोटी काहींनी घरीच बाळंतपण उरकले किंवा ऐपतीबाहेरचा खासगी दवाखाना गाठला. आशाताईंना घरोघरी ताप आणि ऑक्सिजन मोजण्याच्या कामाला लावले, तेव्हा गरोदर बाईची नोंदणी, लोहाच्या गोळ्या, रक्तदाबाची तपासणी हे त्यांचे नेहमीचे काम मागे पडले. साथीने गर्भवती मरते ती फक्त विषाणूने नाही; वेळेत न तपासलेल्या रक्तदाबाने आणि न मिळालेल्या रक्ताच्या पिशवीनेही मरते.

विषाणूनेही मरते, आणि त्याचे आकडे आपल्याच राज्यातले आहेत. मुंबईतल्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाबरोबर ‘प्रेगकोविड’ नावाची नोंदवही सुरू केली. त्या कामातून पहिल्या लाटेतल्या १,१४३ आणि दुसऱ्या लाटेतल्या ३८७ गर्भवती व बाळंतिणींची तुलना पुढे आली. लक्षणे असलेल्यांचे प्रमाण १४.२ टक्क्यांवरून २८.७ टक्क्यांवर गेले, आणि मृत्यूचे प्रमाण ०.७ टक्क्यांवरून ५.७ टक्क्यांवर. हे रुग्णालयात आलेल्यांचे आकडे आहेत, सगळ्या गर्भवतींना ते सरसकट लावता येणार नाहीत. पण दुसऱ्या लाटेत काय झाले याची कल्पना यायला ते पुरेसे आहेत.

आता या आकड्यांशेजारी लसीच्या तारखा ठेवून पाहा. देशात लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झाले. गर्भवती आणि स्तनदा मातांना वगळले होते. स्तनदा मातांना परवानगी १९ मे रोजी मिळाली, गर्भवतींना २ जुलै रोजी. मधल्या एप्रिल-मेमध्ये दुसरी लाट येऊन गेली. कोणी म्हणेल की १८ वर्षांवरील सर्वांसाठी लस १ मेपासूनच खुली झाली, त्यामुळे बहुसंख्य गर्भवतींना वयामुळे तशीही आधी मिळाली नसती, आणि हे खरे आहे. पण ही पळवाट आहे. २००९ च्या स्वाइन फ्लूत जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी लसीच्या प्राधान्यक्रमात आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पाठोपाठ गर्भवतींना ठेवले होते, आणि महाराष्ट्रात पुढे सरकारी रुग्णालयांतून गर्भवतींना ती लस मोफत देण्याचे काम झालेही होते. म्हणजे श्वसनाच्या साथीत गर्भवतीला रांगेत पुढे घ्यायचे असते, हा धडा याच राज्याने गिरवलेला होता. २०२१ मध्ये ४५ वर्षांवरच्या मधुमेहींना १ मार्चला पुढे घेतले गेले, तसे २५ वर्षांच्या गर्भवतीला घेता आले असते.

विलंबाचे खरे मूळ चाचण्यांत होते. नव्या लसींच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून गर्भवतींना वगळले जाते. मग माहिती नाही म्हणून लस नाही, आणि लस नाही म्हणून माहिती नाही. थॅलिडोमाइड या औषधाने गर्भात व्यंगे निर्माण केली, त्या आघातानंतर ही सावधगिरी आली आणि तिचे कारण समजण्यासारखे आहे. पण साथीच्या काळात ‘काही न देणे’ हाही एक धोका पत्करणेच असते, आणि तो धोका स्त्रीला न विचारता तिच्या वतीने पत्करला गेला. लस घ्यायची की नाही, हा निर्णय पुरेशी माहिती देऊन तिच्यावर सोपवण्याचे धोरण जुलैत आले. ते फेब्रुवारीत का येऊ शकले नाही, याचे समाधानकारक उत्तर मी अजून ऐकलेले नाही.

या पोकळीत अफवा शिरली. लसीने मूल होत नाही, ही गोष्ट इथल्या मोबाइलवर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चारही भाषांत फिरली, आणि लग्न ठरलेल्या मुलींच्या आयांनी ती मनावर घेतली. अमेरिका आणि कॅनडातल्या दोन हजारांहून अधिक जोडप्यांच्या अभ्यासात लसीचा गर्भधारणेच्या शक्यतेवर परिणाम दिसला नाही. उलट पुरुषाला कोविड झाल्यानंतर सुमारे दोन महिने ती शक्यता तात्पुरती घटलेली दिसली. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात आणि मोठा ताप त्यांना मानवत नाही, हे डॉक्टरांना जुनेच माहीत आहे. तेव्हा साथीत मूल हवे असेल तर आजारातून उठलेल्या नवऱ्याने थोडे थांबावे, असा सल्ला शास्त्राला धरून झाला असता. तो कोणी दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

साधनांचा प्रश्न खोटा नाही. एप्रिल २०२१ मध्ये नायट्रोजन तयार करणारे प्रकल्प ऑक्सिजनकडे वळवावे लागले, भूलतज्ज्ञ अतिदक्षता विभागात लागले, आणि अशा आठवड्यांत नवी आयव्हीएफ सायकल सुरू करणे बेजबाबदारपणाचे ठरले असते. माझा आग्रह सगळे सगळ्यांना नेहमी मिळावे असा नाही. क्रम ठरवा, एवढेच मी म्हणतो. कर्करोगाची केमोथेरपी सुरू होण्याआधी बीजे गोठवायची असलेली तरुणी एक आठवडाही थांबू शकत नाही. ३८ वर्षांची, बीजसाठा खालावलेली स्त्री तीन महिने थांबू शकेल, दीड वर्ष नाही. २६ वर्षांची, नवऱ्याचा वीर्यतपासणीचा अहवाल किरकोळ कमी असलेली स्त्री वर्षभर निश्चिंत राहू शकते आणि तिला तसे समजावूनही सांगता येते. या तिघींना एकच पाटी दाखवून परत पाठवण्यात सोय होती, वैद्यकशास्त्र नव्हते.

२५ जानेवारी २०२२ पासून सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा लागू झाला. त्याने दवाखान्यांची नोंदणी, स्त्रीसाठी २१ ते ५० आणि पुरुषासाठी २१ ते ५५ अशी वयोमर्यादा, भ्रूण दहा वर्षांपर्यंत गोठवून ठेवण्याची मुदत आणि प्रत्येक दवाखान्यात तक्रार निवारण कक्ष, अशा आवश्यक गोष्टी आणल्या. पण आपत्तीमुळे उपचार मध्येच तुटला तर भरलेल्या पैशांचे काय, बंद काळातल्या गोठवणुकीच्या भाड्याचे काय, आणि संसर्गाच्या भीतीने वयाची पन्नाशी ओलांडली गेली तर काय, यावर नियमांत स्वतंत्र तरतूद करायला हवी. सरकारी छताखाली हे उपचार होऊच शकत नाहीत, हेही खरे नाही. दिल्लीच्या एम्समध्ये आणि गोव्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ते होतात. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये लगेच आयव्हीएफची प्रयोगशाळा उभी राहावी, अशी माझी मागणी नाही. वीर्यतपासणी, बीजसाठ्याची रक्ततपासणी, गर्भनलिकांची तपासणी, बीज तयार होण्याच्या गोळ्या आणि आययूआय एवढे आठवड्यातून दोन दिवसांच्या बाह्यरुग्ण विभागात मिळाले, तरी अनेक जोडप्यांना लाखांच्या पॅकेजपर्यंत जावेच लागणार नाही, आणि पुढच्या साथीत कोण किती थांबू शकते याची यादी जिल्ह्याच्या हाती आधीच असेल.

प्रसूतीच्या बाबतीत मागणी याहून सोपी आहे. महापालिकेच्या डफरीनसारखे एक प्रसूतिगृह कोणत्याही साथीत दुसऱ्या कामासाठी वळवायचे नाही, असे आधीच लिहून ठेवावे. बाधित बाळंतिणींसाठी सिव्हिलमध्ये वेगळे दार, वेगळा भूलतज्ज्ञ आणि नवजात विभागाला जोडलेली खोली राखून ठेवावी. गरोदर बाईचे माता-बाल संरक्षण कार्ड किंवा सुरू असलेल्या उपचाराची फाइल हाच जिल्हा ओलांडण्याचा पास मानावा, आणि नाक्यावर त्याहून अधिक चौकशी होऊ नये. आषाढीला पंढरपुरात लाखो वारकऱ्यांसाठी पाणी, दवाखाने, रुग्णवाहिका, अगदी वारीच्या वाटेवर स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष यांचे तपशीलवार नियोजन करणाऱ्या जिल्ह्याला हे अवघड नाही. टाळेबंदी ज्या २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली लागू झाली, त्याच कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला आराखडा करायला सांगितले आहे, आणि आपल्या जिल्ह्यात भीमेच्या पुरावेळी त्याचा उपयोग होतो. त्यात साथीच्या प्रकरणाला गर्भवती आणि वंध्यत्वोपचार घेणाऱ्यांविषयीची दोन पाने जोडायला नवा कायदा लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणाची एक बैठक, त्या बैठकीला शहरातले दोन-तीन स्त्रीरोगतज्ज्ञ, आणि विडी वसाहतीतल्या आशाताईंपैकी कोणी तरी एक, एवढे पुरे आहे.